होयबाला वैरी पाहिजे

खरं नाव त्याला होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी ते एकदा मोठ्याने घेतलं होतं, तेवढंच. पुढे सगळे त्याला होयबा म्हणू लागले, आणि तेही तोंडावर, कारण त्यावरही त्याचं काही म्हणणं नव्हतं. धंद्याने तो लिफ्ट दुरुस्त करणारा. गावातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टला त्याच्या हातचं ग्रीस लागलेलं. राहायचा एका सात मजली इमारतीत, अगदी तळाला, जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या दोन खोल्यांत. म्हणजे इतरांच्या लिफ्ट चालवून देण्यात जन्म गेला आणि याला स्वतःला घरी जाताना लिफ्ट कधी लागली नाही.

माणूस वाईट होता का? मुळीच नाही. जिन्यात दोघं भांडत असले की पहिल्याचं ऐकून म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं." मग दुसऱ्याचं ऐकून म्हणायचा, "तुमचंही बरोबर आहे." दोघं एकमेकांवर तसेच तणतणत, पण याच्यावर खूश होऊन घरी जायचे. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायचा आणि पाळकांची प्रार्थना संपायच्या आत आमेन म्हणून मोकळा व्हायचा. मला विचाराल तर असल्या माणसाची चीड येते. पण चिडून दाखवावं तर तो म्हणणार, हो, चीड येण्यासारखंच आहे. मग काय डोंबल चिडायचं?

त्याच्या सुखाला दृष्ट लागली ती एका बुधवारी. संध्याकाळच्या बायबलच्या वर्गाला पाळकसाहेब म्हणाले, वैऱ्यावर माया करा असं प्रभू सांगतो आणि आपण माना डोलावून घरी जातो. या खेपेला तसं चालायचं नाही. प्रत्येकाने आपला एक वैरी डोळ्यांसमोर आणायचा, रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची, हाताने त्याचं काही भलं करायचं. प्रभूच्या मागे चालायचं तर पहिलं पाऊल हेच, आणि त्याची किंमत मोजावी लागते, असंही वर म्हणाले.

बाकीच्यांचे चेहरे लगेच उजळले. इमारतीसमोरच्या टेलरने तर हात वर करून विचारलं, एकच घ्यायचा, की दोन घेतले तरी चालतील? होयबा मात्र कानकोंडा होऊन बसला. डोळे मिटून त्याने शोध शोध शोधलं. पन्नाशी उलटली आणि गाठीशी साधा एक वैरी नाही. मग आपण आजवर चाललो ते कोणाच्या मागे, असा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला आणि तो घाबरला.

घरी बायको बटाटे सोलत होती.

"अगं, माझा कोणी वैरी आहे का गं?"

"तुमचा?" तिने सुरी थांबवून नीट विचार केला. "तुमच्याशी वैर करायचं तर माणसाने तुम्हाला धरायचं कुठून?"

दुसऱ्या दिवशी तो टेलरकडे गेला. म्हणाला, "तुमच्याकडे बरेच आहेत. एखादा मला द्या, मी सांभाळून वापरेन."

टेलरने गळ्यातली टेप काढून बाजूला ठेवली. "माझे वैरी मी कष्टाने जमवलेत," तो म्हणाला. "तुम्ही तुमचे बघा."

मग होयबाने स्वतःच हातपाय हलवायचं ठरवलं. बसथांब्यावर एका आडदांड माणसाच्या पायावर त्याने जाणूनबुजून पाय दिला. तो माणूस कळवळून म्हणाला, "माफ करा, माझाच पाय मधे आला." बेकरीत रांग मोडून पुढे घुसला तर मागची बाई म्हणाली, जाऊ द्या, घरी कोणी आजारी असेल बिचाऱ्याच्या. कोणी चिडेचना. इतक्या वर्षांचा चांगुलपणा असा त्याच्या आडवा आला.

शेवटी तो पाळकसाहेबांच्या दारात उभा राहिला. ते चर्चमधल्या खुर्च्या पुसत होते. सगळं ऐकून त्यांनी फडकं पिळलं आणि विचारलं, "तुम्ही आयुष्यात कोणाला कधी 'नाही' म्हणालात का हो?"

"हो," होयबा सवयीने म्हणाला. मग फरशीकडे बघत बोटांवर मोजायला लागला. "म्हणजे, नाही."

"तिथून सुरू करा," पाळकसाहेब म्हणाले आणि पुढची खुर्ची पुसायला लागले.

आता या इमारतीच्या लिफ्टचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच अडलेलं. इमारतीचे चेअरमन म्हणजे होयबाच्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणायचे. सातव्या मजल्यावर एकटेच राहायचे. गुडघे पार गेलेले, पण ताठा शाबूत. रोज दुपारी लिफ्टने खाली यायचे आणि बहिणीकडे जेवायचे. बहिणीच्या दिवसातला तो सगळ्यात मोठा कार्यक्रम. दादा जेवताना चुका काढायचे, ती हसायची, आणि होयबा दोघांना हो म्हणायचा.

लिफ्टच्या दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. होयबा ते दादांच्या कानावर घालायचा. दादा म्हणायचे, "यंदा राहू दे. चालेल ना?" हा म्हणायचा, "हो, चालेल." मग गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन दोराला भरपूर ग्रीस चोपडायचा. ग्रीस चोपडलं की तुटलेल्या तारा दिसत नाहीत. त्या रोज वापरणाऱ्यांना तर नाहीतच, पण चोपडणाऱ्यालाही हळूहळू दिसेनाशा होतात.

त्या सकाळी मात्र तो फडकं घेऊन वर गेला आणि त्याने ग्रीस पुसून काढलं. जुन्या झाडूसारखा दोर पिंजारलेला. या दोराला लटकून बायकोचा भाऊ रोज जेवायला येत होता.

या धंद्यात एक रीत आहे. लिफ्ट बंद केली की दारावर 'बंद'ची पाटी लावायची, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी, अगदी मालकानेही, तिला हात लावायचा नाही, कारण आत कोणी माणूस शिरून काम करत असू शकतो. होयबाने सातव्या मजल्यावर पाटी लावली तेव्हा दादा जेवायला निघण्यासाठी दारातच उभे होते.

"काढा ती पाटी," दादा म्हणाले.

"नाही."

होयबाने मागे वळून पाहिलं, कोण बोललं ते. मागे कोणी नव्हतं.

"परत बोला," दादा म्हणाले.

"नाही, दादा. दोर तुटेल."

"गेल्या महिन्यात तर चालेल म्हणालात."

"खोटं बोललो."

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मला सातव्या मजल्यावर टांगून ठेवणार तुम्ही. माझ्या बहिणीचा नवरा. ठीक आहे. आजपासून तुमचं तोंड बघणार नाही. आणि तिलाही सांगा, तिचंही नाही." त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत इमारतभर बोभाटा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला मोठी माशांची टाकी वर न्यायची होती, त्याने होयबाला नको नको ते सुनावलं. पाचव्या मजल्यावरच्या आत्याबाई, ज्या सगळ्यांच्याच आत्याबाई होत्या आणि ज्यांना जिना चढता येत नव्हता, त्या तळमजल्यावर स्टुलावर बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. होयबा घरात शिरला तो चेहरा लखलखीत घेऊनच.

"अगं, मिळाले. एक मागितला होता, अख्खी इमारत मिळाली."

बायकोने टेबलावरचं तिसरं ताट उचललं आणि परत फळीवर ठेवलं. "दादा जेवायला आला नाही," ती म्हणाली. होयबाचा आनंद तिथल्या तिथे विरला. वैरी म्हणजे काय वस्तू असते, ते त्याला त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून कळलं.

प्रार्थना त्याने मनापासून केली. पण आत्याबाई म्हणाल्या, "तुझी प्रार्थना वर जात असेल रे, मी खालीच आहे." हेही खरंच होतं. मग त्याने एक खुर्ची घेतली, तिचे पुढचे पाय कापले, जुने पट्टे ठोकले आणि ती पाठीला बांधली. आत्याबाईंना तिच्यावर बसवलं आणि जिना चढायला लागला. त्या पाठीला पाठ लावून, तोंड खालच्या पायऱ्यांकडे करून, पाच मजले न थांबता त्याला शिव्या देत होत्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "इतकं कोणी माझं ऐकून घेतलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी त्यांना खाली काही काम नसतानाही खाली जायचं होतं.

इथून पुढे जे झालं ते सांगायला मलाच लाज वाटते. लोक चटावले. माशांची टाकी गेली, माशांसकट. कोणाचं कपाट गेलं. एक जण सकाळी फिरून आल्यावर उगाच दमल्यासारखं करून पायथ्याशी उभा राहायला लागला. लिफ्टचं बटण बंद पडलेलं, तरी लोक सवयीने ते दाबायचे, आणि तळाला होयबा पट्टे आवळत उठायचा. मग तक्रारी सुरू झाल्या. हा फार धापा टाकतो, वरच्या मजल्यांना घामाचा वास येतो. तिसऱ्या मजल्यावर पाणी प्यायला थांबतो, तोपर्यंत बसलेल्या माणसाने काय करायचं? इमारतीच्या बैठकीत ठराव झाला की त्याच्यावर एका वेळी एकच माणूस बसेल आणि लहान मुलांनी त्याच्याशी खेळू नये.

बैठक सातव्या मजल्यावर झाली होती, दादांच्या दारात. होयबानेच तिघांना वर नेलं होतं. तिथे कोणीतरी नव्या दोराची गोष्ट काढली, तर बाकीचे त्याच्याकडे आ वासून बघायला लागले. दोर कशाला? चाललंय की छान. विजेचा खर्चसुद्धा नाही.

दादा एकटेच त्या खुर्चीत बसले नव्हते. "त्याच्या पाठीवर? मेलो तरी नाही," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. लिफ्ट बंद झाल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते. बहीण रोज दुपारी सूप करून डबा भरायची. होयबा तो सात मजले चढवायचा. दार बोटभर उघडायचं, दादा डब्याकडे बघायचे आणि दार लागायचं. डबा खाली आला की बायको झाकण उघडून बघायची. तेवढंच बघायची, बोलायची नाही. एका दुपारी मात्र बोलली.

"एक विचारू? आधी तुम्ही तोंडाने हो म्हणत होता, आता पाठीने म्हणता. फरक काय झाला?"

होयबा मनात हिशोब करायला लागला. इतक्या वर्षांत या लोकांचं खरं भलं त्याने एकदाच केलं होतं, 'नाही' म्हणून. आणि लोक रागावल्याबरोबर त्या एका 'नाही'ची भरपाई तो पाठीने करत होता. वैऱ्यांवर माया करतोय म्हणून पुन्हा सगळ्यांना खूशच ठेवत होता. घाम खरा होता, पण घाबरटपणा जुनाच होता. त्याने पट्टे सोडले आणि खुर्ची भिंतीला टेकवली.

त्याच संध्याकाळी त्याने मजल्यामजल्यावर जाऊन सांगितलं. आत्याबाईंना नेईन, आजाऱ्याला नेईन, कपाट नेणार नाही. धडधाकट माणसालाही नेणार नाही. दोर आणा. दुसऱ्या खेपेला 'नाही' म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण या वेळी माणसाला माहीत असतं पुढे काय होणार. झालंही तसंच. लोक पुन्हा खवळले, आणि होयबावर ओरडून दमल्यावर सगळे दादांच्या दारात जमले. चेअरमन तुम्ही, दोर तुम्ही आणायचा होता, इतकी वर्षं चालेल चालेल म्हणत कोण होतं?

हे दादांच्या जिव्हारी लागलं. लिफ्टला काही झालेलं नाही, हे सगळं या माणसाचं नाटक आहे, ते मी दाखवतो, असं म्हणत शनिवारी दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी काढली, कठडा धरत कसंबसं गच्चीवर जाऊन मोटर सुरू केली आणि लिफ्टमध्ये शिरून तळमजल्याचं बटण दाबलं.

होयबा तेव्हा आत्याबाईंना घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. डोक्यावर मोटरची घरघर ऐकू आली. या जुन्या लिफ्टचं असं होतं की कोणत्याही मजल्यावरचं बाहेरचं दार उघडलं की ती आहे तिथे थांबते. दाराची किल्ली त्याच्या खिशात असायचीच. त्याने आत्याबाईंना पायरीवर टेकवलं आणि तिथलं दार उघडलं. घरघर थांबली. लिफ्ट पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकत राहिली.

तो धावत पाचव्यावर गेला. तिथलं दार उघडून पाहतो तर लिफ्टचा वरचा भाग जमिनीच्या थोडा वर दिसत होता, आणि त्या फटीतून खाली, हाताची घडी घालून, दादा उभे.

"लिफ्ट सुरू करा," दादा म्हणाले.

"दादा, हात द्या. वर या."

"तुमचा हात? मी इथे उभा राहीन. मला घाई नाही."

वर कुठेतरी एक तार तुटली. भांड्यावर चमचा आपटावा तसा आवाज झाला. जिन्यात लोक जमले होते, ते दारापाशी धावले. होयबाने दादांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. खालून कोणी उचलल्याशिवाय हे गुडघे वर येणार नव्हते. तो फटीतून आत उतरला.

"तुम्ही कशाला आलात?" दादा चिडून म्हणाले. "वजन वाढलं ना."

"हो."

"दोर तुटला तर खाली खटका आहे ना? धरून ठेवणारा?"

"आहे."

"तो तपासलाय ना?"

"तुम्ही म्हणालात, राहू दे," होयबा म्हणाला. "मी म्हणालो, हो."

जन्मात पहिल्यांदा दोघं एकमेकांकडे नीट बघत होते. मग होयबा भिंतीला हात टेकून वाकला, आणि मेलो तरी नाही म्हणणारे दादा त्याच्या पाठीवर चढले. तो हळूहळू सरळ झाला. वर जमलेल्यांनी दादांना काखेत धरलं, ओढलं आणि दादा पाचव्या मजल्याच्या फरशीवर पालथे पडले.

तेवढ्यात दोर तुटला. लिफ्ट हातभर घसरली, खालचा गंजलेला खटका कडाडत बसला आणि तिथेच धरून राहिला. हिसक्याने होयबाच्या पाठीत कळ भरली ती अशी की त्याला ओरडताही येईना.

फटीतून एक हात आत आला. पालथे पडलेले दादा खांद्यापर्यंत आत वाकले होते आणि त्यांचे पाय माशांच्या टाकीवाल्याने धरले होते.

"हात द्या."

"दादा, तुमचे गुडघे..."

"गप्प बसा. हात द्या."

त्याला बाहेर काढलं तेव्हा तो उभा राहू शकत नव्हता. कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरून त्याची खुर्ची आणली. त्याला तिच्यावर ठेवून पट्टे आवळले. एका बाजूला कपाटवाला, एका बाजूला टाकीवाला, आणि मागची बाजू दादांनी कोणाला न विचारताच धरली. मिरवणूक खाली निघाली. तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेल्या आत्याबाईंनी सगळ्यांना मिळून एकच शिवी दिली, चांगली लांब. प्रत्येक पायरीला दादा दात-ओठ खात होते आणि कोणी हात लावायला आलं की खेकसत होते. होयबा म्हणत होता, राहू द्या, मी जाईन, आणि सगळे त्याला म्हणत होते, नाही.

बायकोने दार उघडलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, तो जिवंत आहे एवढं बघितलं. मग खुर्चीच्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. दादांनाही तेव्हाच कळलं की आपण खाली आलोय.

होयबाला आतल्या खोलीत उताणं निजवलं आणि लोक पांगले. दादा बाहेर टेबलापाशी गुडघे धरून बसले.

"आता वर कसा जाऊ मी?" ते म्हणाले. "जो नेणार होता तो तर आडवा झालाय."

"कोणी सांगितलंय वर जायला?" बहीण म्हणाली आणि फळीवरून तिसरं ताट काढलं. दुपारचा डबा तसाच परत आलेला, तो तिने त्यांच्यापुढे ठेवला.

"हे थंड आहे."

"सात मजले चढून उतरून आलंय. गरम करते."

"नको. राहू दे."

आतमध्ये होयबा छताकडे बघत पडला होता. कूस बदलता येत नव्हती. डॉक्टर नंतर सांगणार होते की ही पाठ पुन्हा कधी वजन उचलणार नाही, आणि ते त्याला आत्ताच कळून चुकलं होतं. त्याने प्रार्थनेसाठी डोळे मिटले, वैऱ्याचं नाव घ्यायला गेला आणि अडखळला. तेवढ्यात बाहेर डब्याच्या तळाला चमचा लागल्याचा आवाज आला.

"मीठ कमी आहे," दादा बहिणीला म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या काय करणार आहेस?"

होयबा ऐकत होता. त्याने मान वळवून दारातून पाहिलं. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि हाताच्या पाठीने डोळे पुसत होती. या खेपेला त्याने आमेन म्हणायची घाई केली नाही.